तांबडीचं तोंड कुणाकडे

समस्त नागरिकांना, विशेषतः नाशिक रोड परिसरातल्या सुज्ञ आणि झोपाळू जनतेला, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की गेल्या हिवाळ्यात एका पहाटे आमच्या परसातली तांबडी कोंबडी आरवली. नीट वाचावे. कोंबडा नव्हे, कोंबडी. जिची अंडी आम्ही वर्षानुवर्षं खाल्ली, गल्लीतल्या बाळंतिणींनी खाल्ली, जिच्या अंड्यातला पिवळा बलक पाहून समोरचे निवृत्त हेडमास्तर शाकाहाराबद्दल पुनर्विचार करू लागले होते, ती प्रौढ, अनुभवी, संसारी कोंबडी मान ताणून, छाती फुगवून, डोळे अर्धे मिटून कोंबड्यासारखी आरवली. सर्वांनी याची नोंद घ्यावी.

मी तेव्हा गोधडीत होते. पहिल्यांदा वाटलं, मागच्या मोकळ्या प्लॉटवर कुणाचा तरी कोंबडा येऊन बसलाय. आवाज तसा अर्धवटच होता. सुरुवात झोकात आणि शेवट घसा बसलेल्या पुढाऱ्यासारखा. शाल गुंडाळून मी मागचं दार उघडलं आणि परसातला दिवा लावला. जाळीआड चौघी दांडीवर बसलेल्या. काळी, कबरी आणि पांढरी एकमेकींना चिकटून, तांबडी जरा बाजूला, एकटी. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यादेखत मान वर केली आणि पुन्हा आरवली. मी दिवा बंद केला. का ते विचारू नका. जे दिसलं ते दिसायला नको होतं, एवढंच त्या क्षणी कळत होतं.

आता जरा आमच्या खुराड्याबद्दल. सासरे गेल्यावर सासूबाई सायखेड्याहून आमच्याकडे राहायला आल्या, पण शहरात त्यांचा जीव रमेना. टीव्ही लावला की त्या टीव्हीकडे पाठ करून बसत आणि खिडकीतून भिंत बघत. शेवटी मी त्यांना चार तलंगा आणून दिल्या, म्हणजे नुकत्याच अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या. घरात मोटर जळालेला जुना लोखंडी कूलर पडून होता. तो आतून रिकामा केला. तीन बाजूंची झापडं तशीच ठेवली, चौथ्या बाजूला जाळीचं दार बसवलं, आत एक आडवी दांडी. खाली चाकांचा स्टँड होताच. ऊन आलं की सावलीत ढकला, पाऊस आला की पत्र्याखाली. असं फिरतं खुराडं अख्ख्या कॉलनीत कुणाकडे नव्हतं. दिवसभर चौघी शेवग्याखाली माती उकरत हिंडायच्या आणि अंधार पडायला लागला की आपणहून कूलरमध्ये चढायच्या, दांडीवर ओळीनं बसायच्या, जाळीकडे तोंड करून. कोंबडीला बाहेरचं दिसायला लागतं. त्यामुळे जाळी जिकडे, तिकडे त्यांची तोंडं.

सासूबाईंचा जीव त्यांच्यात गुंतला. कोबीची वरची पानं, शिळा भात, बाजरीचे दाणे, सगळं त्यांच्याकडे जायचं. एखादं अंडं जास्त मोठं निघालं की सासूबाई ते तळहातावर घेऊन घरभर फिरून दाखवायच्या, जणू त्यांनीच घातलंय.

तर अशा घरात कोंबडी आरवणं हा एरवी हसण्याचा विषय झाला असता, आणि हसण्यात मी कुणाला ऐकत नाही. पण आदल्याच संध्याकाळी मी आणि नवरा डॉक्टरांकडून आलो होतो. नवऱ्याच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद. डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं आणि त्यावर पेनानं तीन फुल्या मारल्या. बायपास करावी लागणार होती, तीही पुढच्याच आठवड्यात. डॉक्टर चांगले होते, म्हणजे पेशंटला घाबरवायचं नाही असं ठरवून बोलणारे, त्यामुळे मी जास्तच घाबरले. जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही, काही ढकलायचं-ओढायचं नाही आणि चिडायचं नाही. शेवटचं ऐकून नवरा चिडला.

सासूबाईंना आम्ही पित्ताशयातले खडे असं सांगितलं. वय झालेलं माणूस, उगाच कशाला. नवरा म्हणाला, "साधं असतं आई. दोन भोकं पाडतात आणि खडे काढून घेतात." सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग त्याच्या पोटरीकडे बोट दाखवलं. बायपासला पायातली शीर काढून लावतात, ती शोधताना डॉक्टरांनी तिथे निळी रेघ ओढलेली होती.

"नाना, ही रेघ कशाची रे?"

"पेन फुटलं खिशात."

"पँटचा खिसा पोटरीला असतो का आता?"

नवऱ्याने टीव्ही लावला. सासूबाई टीव्हीकडे पाठ करून बसल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडी आरवली.

सकाळी मी कपडे वाळत घालायला परसात गेले तर शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडे तयारच होत्या. वहिनींचं माहेर नांदगावकडचं. आमच्या मधली भिंत त्यांच्या हनुवटीएवढी आहे, त्यामुळे मला त्यांची बहुतेक ओळख मानेच्या वरची आहे.

"ताई, कोंबडा आणला का तुम्ही?"

"नाही हो."

"मग पहाटे आरवलं कोण?"

खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "तांबडी."

वहिनींनी हातातला ओला टॉवेल पिळलाच नाही, तसाच खांद्यावर टाकला. "अंडं देते ना ती?"

"द्यायची. दिवाळीपासून बंद आहे."

"तुरा वाढलाय का?"

"वाढलाय."

"अन् पायाला मागून काटा?"

"आलाय थोडासा."

"मग तिला आजची संध्याकाळ दाखवू नका," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. "आमच्याकडं अशी कोंबडी लगेच कापून टाकतात. आरवणारी कोंबडी माणूस मागते."

"मागते म्हणजे?"

"मागते म्हंजे मागते. जिकडं तोंड करून आरवते ना, तिकडच्या माणसाला हाक असते ती." त्यांनी टाचा उंचावून कूलरकडे पाहिलं, मग कूलरसमोरच्या खिडकीकडे. "कुणाची खोली हाय ती?"

ती आमची खोली होती. खिडकीला लागून पलंग, आणि खिडकीकडची बाजू नवऱ्याची. स्वयंपाकघराच्या दारापलीकडची उघडी खिडकी सासूबाईंची.

"रिकामीच असते," मी म्हणाले.

"मग बरं हाय."

मी चिमटे लावले, सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि समजा, तोंड मागच्या मोकळ्या प्लॉटकडे करून ठेवलं तर?"

"त्यानं काय होणार? हाक मारलीय तिनं. कुणीतरी ओ द्यायला लागते ना."

मी सुशिक्षित बाई आहे. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला म्हणते, जपून जा. पण त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन सुरा हातात घेतला. नवरा चहा पीत बसलेला. त्याने सगळं बाथरूमच्या झरोक्यातून ऐकलं होतं.

"म्हाताऱ्या कोंबडीचं अंडाशय बिघडलं की असं होतं," तो वर्गात शिकवावं तसं म्हणाला. "तुरा वाढतो, आवाज फुटतो. यात अपशकुन कसला?"

"अपशकुन मी कुठे म्हटलं?"

"सुरा कशाला मग?"

"कोबी चिरायचाय."

"कोबी काल संपला."

मी सुरा खाली ठेवला. तो म्हणाला, "हे बघ, ती कोंबडी कापलीस तर मी ऑपरेशनला जाणार नाही. गल्लीत लोक म्हणतील, हा भ्यायला म्हणून कोंबडी मारली." आणि आमच्या घरातला शास्त्रीय दृष्टिकोन बिस्किट बुडवून खाऊ लागला. बिस्किट चहात पडलं. दोघांनीही ते पाहिलं नाही असं केलं.

अशा रीतीने तांबडीची मान आणि नवऱ्याचं हृदय एकाच गाठीत बांधलं गेलं. कोंबडी मारावी तर नवरा हट्टाला पेटणार, ऑपरेशन टळणार. न मारावी तर रोज पहाटे ती हाक मारणार. माझ्या हातात एकच गोष्ट उरली, कूलर फिरवणं. दुपारी चौघी शेवग्याखाली असताना मी रिकामा कूलर गरकन वळवला आणि जाळी मोकळ्या प्लॉटकडे केली. तिकडे घाणेरीची झुडपं आणि एक फुटका कमोड, बाकी कुणी नाही. घ्या हाक कुणाला मारायची ती.

दुसऱ्या पहाटे ती आरवली तेव्हा मी जागीच होते. पलंगावर शेजारची जागा रिकामी. नवरा अंधारातच दुधाच्या पिशव्या आणायला जायचा; चालायला डॉक्टरांनी मना केलेलं नव्हतं, एवढंच त्याने त्यांचं मन लावून ऐकलं होतं. मी खिडकी उघडली. थंडी आत आली. समोर, अगदी समोर, जाळी. जाळीआड तांबडी. तिचं तोंड आमच्याकडे.

मी काल कूलर वळवला होता, हे मला स्वच्छ आठवत होतं. तळहाताला गंजाचा डाग अजून होता.

माणूस घाबरलं की आधी कारणं शोधतं. परसाला उतार असेल. चाकं आपोआप सरकली असतील. मी गोटी ठेवून उतार तपासला. गोटी जागची हलली नाही. त्या दुपारी मी कूलर पुन्हा प्लॉटकडे वळवला आणि चारही चाकांना विटा लावल्या. पहाटे पुन्हा तेच. तांबडी आमच्या खिडकीकडे पाहून आरवत होती, आणि विटा बाजूला एकावर एक नीट रचून ठेवलेल्या. भुताटकी असती तर विटा फेकलेल्या असत्या. हे नीट रचणं मला जास्त भयंकर वाटलं. ज्याने कुणी हे केलं त्याला घाई नव्हती.

आणि मग ती ओ.

मी स्वयंपाकघरात पाणी तापवायला ठेवलं होतं. बाहेर अजून उजाडायचं होतं. तांबडी आरवली. तिचा तो फाटका शेवट विरतो न विरतो तोच घरातून कुणीतरी म्हणालं, "ओ."

मोठ्याने नाही. लांबच्या शेतातून कुणी हाक मारली आणि बांधावरच्या माणसाने हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, तसं. नवरा बाहेर गेलेला. घरात मी आणि सासूबाई. मी त्यांच्या खोलीत गेले. त्या तोंडावरून पांघरूण घेऊन झोपल्या होत्या, श्वास संथ. मी बराच वेळ दारात उभी राहिले. पाणी उकळून गॅसवर सांडलं तेव्हा भानावर आले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगायला मला एरवी आवडलं असतं, कारण त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. मी तांबडीला तूप लावलेली पोळी खाऊ घातली. तिच्याशी गोड बोलले. तिच्यासमोर हात जोडले आणि भिंतीवरून वहिनींचा आवाज आला, "ताई, पूजा मांडली का?" मी म्हणाले, तुरा बघतेय. पण खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष नवऱ्यावर असायचं. नवरा दाढी करताना आरशासमोर थांबला की मी दाराआडून बघायची. फोन वाजला की दचकायची. झोपेत त्याचा हात माझ्या अंगावर पडला की तो जड आहे का, गरम आहे का, हे आधी बघायची. कूलर दुपारी मी प्लॉटकडे वळवायची आणि पहाटे तो आमच्याकडे वळलेला असायचा. आणि आरवल्यावर घरात ओ. रोज.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी मी भाजी आणायला निघाले. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं की पिशवी राहिली. परत आले. पिशवी मागच्या दाराला लटकलेली असते. दार अर्धं उघडं होतं. परसात कुणीतरी धापा टाकत होतं.

सासूबाई. ऐंशीच्या आसपासचं वय, कमरेत वाकलेल्या. पदर खोचून त्या कूलरला कंबर लावून ढकलत होत्या. कोंबड्या नुकत्याच आत चढल्या होत्या आणि दांडीवर डुलत होत्या. कूलर इंच इंच वळत त्यांच्या स्वतःच्या खोलीच्या खिडकीसमोर आला. मग त्या जाळीला धरून उभ्या राहिल्या आणि तांबडीशी बोलल्या. रागावून नाही, एखाद्या हट्टी मुलीला समजवावं तसं.

"इकडं बघ बाई. माझ्याकडं. त्याच्याकडं नाय बघायचं. त्याचं लय राहिलंय अजून. म्या देते ना ओ? रोज देते. तुला ऐकू येत नाय का?"

तांबडीनं मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला कुणी आणलं गं? माझ्यासाठी आणलं ना? मग मलाच हाक मार."

त्या खाली बसल्या आणि चाकांना विटा लावल्या. त्यांना उठायला वेळ लागला. भिंतीला धरत त्या बाजूच्या बोळातून पुढच्या अंगणाकडे गेल्या. मी दाराआड होते. मला त्यांच्या नजरेला पडायचं नव्हतं, कारण पडले असते तर काय बोलले असते, हे मला आजही माहीत नाही.

मग मी कूलरपाशी गेले. म्हणजे संध्याकाळी त्या तोंड आपल्याकडे करत होत्या. ठीक. पण पहाटे तर ते आमच्या खिडकीकडे असायचं. मधे कोण होतं?

ते नंतर, म्हटलं. आधी हा वळवायचा. मी विटा काढल्या, दोन्ही हात कूलरला लावले आणि थांबले. वळवायचा कुठे? इकडे म्हातारी. तिकडे नवरा. त्या बाजूला वहिनी, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. प्लॉटकडे करून उपयोग नाही, हे कळून चुकलेलं. उरलं मधलं दार, स्वयंपाकघराचं, जिथे पहाटे मी उभी असते. माझ्याकडे वळवावा असं मनात आलं, आणि लगेच हातांना इतका घाम आला की लोखंड निसटायला लागलं. मरायची भीती भव्य वगैरे नसते, हे मला तेव्हा कळलं. ती तळहाताला येते.

"काय करतेस?"

नवरा दारात उभा होता.

"साफ करतेय."

"मला वाटलं फिरवतेस."

"मी कशाला फिरवू?"

तो जवळ आला. जाळी कुणाच्या खिडकीकडे आहे ते त्याने पाहिलं आणि तोंड कसनुसं केलं. "रोज असंच असतं," तो म्हणाला. "दुधाला जाताना बघतो तर आईच्या खोलीकडे तोंड. मग वळवतो."

"अहो, तुम्ही वळवता?"

"हळू बोल."

"तीन नळ्या बंद असलेला माणूस लोखंडी कूलर ढकलतो? पहाटेच्या थंडीत?"

"चाकं आहेत त्याला."

"आणि विटा?"

"विटा बाजूला ठेवतो. पायात यायला नकोत कुणाच्या."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि मारता येत नव्हतं. चिडायचं नाही, ढकलायचं नाही, यात ते बसत नव्हतं. मी म्हणाले, "तुमचा तर यावर विश्वास नाही."

"नाहीच."

"मग आपल्या खिडकीकडे का वळवता?"

"विश्वास नाही," तो म्हणाला, "पण आईच्या खोलीकडे नको."

तेवढ्यात बोळातून पावलं वाजली. सासूबाई परत आल्या होत्या, बहुधा सगळं जागच्या जागी आहे ना बघायला. आम्हा दोघांना कूलरपाशी बघून त्या थबकल्या. तिघं जण तीन बाजूंना. मधे चार कोंबड्या, डोळे मिटत आलेल्या.

"वारं लागतं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून जरा वळवला मघाशी."

"हो," नवरा म्हणाला. "मीपण सकाळी उन्हासाठी वळवतो."

"मी साफसफाईसाठी," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. जो आधी आत जाईल त्याच्यामागे उरलेल्यांपैकी एक जण कूलर फिरवणार, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. अंधार पडला, डास चावायला लागले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मधे ठेवा. दाराकडं." मी आणि त्यांनी मिळून जाळी स्वयंपाकघराच्या दाराकडे केली. नवऱ्याला हात लावू दिला नाही. मग आम्ही तिघं एकदम आत गेलो, दारात अडकत, आणि कडी सासूबाईंनी घातली.

सकाळी डॉक्टरांनी उपाशीपोटी बोलावलं होतं. आम्ही तयार झालो. नवऱ्याचा स्वेटर, रिपोर्टांची पिशवी, पाण्याची बाटली. रिक्षा दाराशी आली. माझं सगळं लक्ष मागे परसाकडे. तांबडी आरवली नव्हती. इतके दिवस ज्या आवाजानं माझं रक्त गोठत होतं तो आवाज आज यावा म्हणून मी कान लावून होते. आज ती गप्प का? काम झालं म्हणून? मी मागे जाऊन बघितलं. चौघी जिवंत होत्या. तांबडी दांडीवर बसून माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हणाले, "आरव की." ती आरवली नाही.

सासूबाई रिक्षात आधीच जाऊन बसल्या होत्या. नवरा म्हणाला, "आई, तू कशाला? दोन खडे तर काढायचेत."

"काढल्यावर दाखवतात ना? मला बघायचेत."

नवरा त्यांच्या शेजारी बसला.

त्याला आत नेलं. स्ट्रेचर वळताना त्याने माझ्याकडे न बघता छताकडे बघत हात हलवला. दार बंद झालं. आम्ही दोघी त्या लांब हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. आजूबाजूला अशीच माणसं, मांडीवर डबे, पिशव्या, बंद डोळे. खूप वेळानं सासूबाई म्हणाल्या, "खडे नायेत ना?"

"नाही."

"ठाऊक हाय. गच्चीचा जिना चढताना मधे उभा राहायचा तो. मी खालून बघायचे." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "सकाळी ती आरवली का गं?"

"नाही आई. मी ऐकत होते. आज नाही आरवली."

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मग मी ओ कुणाला दिली?"

"म्हणजे?"

"मला तर हाक आली. माझं नाव घेऊन आली. मी ओ दिली." मग काहीतरी ठरलं असावं तशा त्या सावरून बसल्या. "बरं झालं. लागली म्हणायची ओ." कमरेची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. त्यांच्या ट्रंकेची. "ठेव तुझ्याकडं."

"आई, हे काय आता."

"ठेव म्हणते ना."

त्यानंतरचा वेळ मी कुणालाही देऊ इच्छित नाही. आत एक जण छाती उघडून झोपलेला आणि बाहेर एक म्हातारी माझ्या शेजारी जायला तयार होऊन बसलेली. ती हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. मला त्या शांततेचीच धास्ती. दर थोड्या वेळानं त्यांची मान कलंडायची आणि मी त्यांना गदागदा हलवायची.

"काय गं?"

"चहा घेता?"

"आत्ताच घेतला."

"अजून घ्या."

त्या दुपारी सासूबाईंनी आयुष्यात प्यायला नसेल इतका चहा प्यायला. शेजारच्या खुर्चीवरची एक बाई मला म्हणाली, म्हातारीला जरा झोपू द्या हो, किती छळता. मी म्हणाले, त्यांना झोपलेलं चालत नाही. पुन्हा मान कलंडली की पुन्हा हलवलं. एकदा हलवूनही त्यांनी लगेच डोळे उघडले नाहीत आणि मी किंचाळायच्या बेतात होते, तेव्हा त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "हाय अजून."

संध्याकाळ झाली. मोठं दार उघडलं. आतून हिरव्या कपड्यातल्या माणसाने आमचं आडनाव पुकारलं. सासूबाई उठल्या, पदर नीट केला, आणि म्हणाल्या, "ओ."

मागून डॉक्टर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढला. दमलेले होते. "चांगलं झालं," ते म्हणाले. "हृदय आपलं आपण चालू झालंय. काही दिवस जपावं लागेल, पण धोका टळला. उद्या सकाळी तुम्हाला भेटता येईल."

मी नुसती मान हलवत राहिले, थांबवता येईना. डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, कपाळावर आठ्या, एखादा हिशेब जुळत नसल्यासारख्या. एक हात त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला, तिथे ठोके पडताहेत का ते चाचपून पाहिलं. मग हॉलमधली सगळी माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्या आवाजात त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे आता कुणीच नाय मरायचं का?"